उपऱ्याचा चेहरा : टोळीहिंसेचे चित्रपट आणि 'घाशीराम कोतवाल'

१. विषयप्रवेश

कलाकृतीतील हिंसेचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा हिंसा करणाऱ्याच्या मनाचा शोध घेतला आहे. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वरील (१९६५) वाद असो किंवा विजय तेंडुलकरांच्या नाटकांवरील दीर्घकाळ चाललेली चर्चा असो, माणूस क्रूर का होतो आणि त्याला तसे कोण घडविते, हाच प्रश्न केंद्रस्थानी राहिला. या प्रश्नाचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्याच्या सावलीत दुसरा एक प्रश्न झाकला जातो. ज्याच्यावर हिंसा होते त्याला कलाकृतीत किती जागा मिळते? तो माणूस म्हणून उभा राहतो, की नायकाच्या पतनाचे किंवा पश्चात्तापाचे केवळ निमित्त ठरतो?

स्थलांतरितांवर हल्ले करणाऱ्या तरुणांच्या टोळ्या हा विषय घेऊन आलेल्या चित्रपटांच्या संदर्भात हा दुसरा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. १९९० नंतरच्या जागतिक चित्रपटात या विषयाची एक ओळखीची परंपरा तयार झाली. मराठीतही भूमिपुत्र आणि परप्रांतीय या द्वंद्वाला स्पर्श करणारे चित्रपट २००९ नंतर लागोपाठ आले. या दोहोंचे एकत्र वाचन करणे आणि त्यासाठी मराठी नाट्यपरंपरेतीलच एक निकष सुचविणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट करणे इष्ट होय. वंशद्वेष आणि प्रांतद्वेष या एकच गोष्टी नव्हेत. युरोप-अमेरिकेतील स्किनहेड टोळ्यांचा विचार रक्त आणि वर्ण यांच्या श्रेष्ठत्वावर उभा होता. महाराष्ट्रातील भूमिपुत्रांच्या चळवळी नोकऱ्या, भाषा आणि शहरावरील हक्क या मागण्यांतून जन्मल्या, निवडणुकांत उतरल्या, सत्तेतही आल्या. त्यांच्यामागील गाऱ्हाणे निराधार होते असे म्हणता येत नाही. येथे तुलना आहे ती चित्रणाची, म्हणजेच मार खाणाऱ्याला कथा कशी पाहते याची.

२. वाचनाचे पाच प्रश्न

हिंसेच्या चित्रपटाचे मूल्यमापन 'हिंसा दाखविली की नाही' किंवा 'हिंसेचा निषेध केला की नाही' एवढ्यावर करता येत नाही. अखेरीस निषेध करणारा चित्रपटही मधल्या दीड तासात हिंसेची मोहिनी घालू शकतो. म्हणून संहितेच्या रचनेकडे वळावे लागते. त्यासाठी पाच साधे प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न नावाचा : स्थलांतरित पात्राला नाव आहे काय? दुसरा घराचा : त्याचे घर, आईबाप, जेवणखाण दिसते काय? तिसरा भाषेचा : तो स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसांशी बोलतो काय, की केवळ गयावया करतो? चौथा दृष्टिस्थानाचा : हल्ल्याच्या क्षणी कॅमेरा मारणाऱ्याच्या बाजूने धावतो, की मार खाणाऱ्याजवळ थांबतो? पाचवा शोकाचा : हल्ल्यानंतर कथा कोणाबरोबर पुढे जाते आणि कोणासाठी रडते? कादंबरीच्या अभ्यासात निवेदनदृष्टीचा विचार करताना जे केले जाते, तेच येथे दृश्यमाध्यमाला लागू केले आहे.

३. चार परकीय चित्रपट

जॉफ्री राइट यांचा 'रोम्पर स्टॉम्पर' (१९९२) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट मेलबर्नमधील फुटस्क्रे या कामगारवस्तीत घडतो. हँडो हा स्किनहेड टोळीचा नायक रसेल क्रो यांनी साकारला. आरंभीच भुयारी मार्गात व्हिएतनामी तरुणांना निर्दयपणे मारले जाते. पुढे टोळीच्या अड्ड्याचा गुत्ता व्हिएतनामी कुटुंब विकत घेते, त्यावरून पुन्हा हल्ला होतो आणि या वेळी व्हिएतनामी तरुण मोठ्या संख्येने चालून येऊन टोळीला पळवून लावतात. या पाठलागात कॅमेरा जवळजवळ सर्वत्र टोळीबरोबर धावतो. परिणामी प्रेक्षकाच्या छातीत धडधड होते ती पळणाऱ्या स्किनहेडांसाठी. व्हिएतनामी समाज प्रतिकार करतो, ही या चित्रपटाची मोठी जमेची बाजू आहे. परंतु तो समुदाय म्हणून येतो, व्यक्ती म्हणून क्वचित. ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध समीक्षक डेव्हिड स्ट्रॅटन यांनी या चित्रपटाला गुण देण्यासच नकार दिला होता. त्या नकारामागे हीच अस्वस्थता होती असे म्हणता येईल.

टोनी के यांचा 'अमेरिकन हिस्टरी एक्स' (१९९८) हा अधिक उघडपणे बोधपर आहे. डेरेक विनयार्ड हा हुशार, वक्तृत्वसंपन्न तरुण आपल्या साथीदारांना चिथावतो आणि कोरियन मालकाच्या दुकानावर हल्ला चढवतो. तेथे काम करणारे स्थलांतरित मारले, विटंबिले जातात. पुढे तुरुंगवासात त्याचे मन पालटते आणि अखेर धाकट्या भावाच्या खुनाच्या रूपाने द्वेषाची किंमत त्याच्याच घराला मोजावी लागते. नैतिक रचना निर्दोष वाटते. तथापि पाचवा प्रश्न विचारताच फट दिसते. दुकानातील माणसे त्या प्रसंगानंतर चित्रपटातून नाहीशी होतात. पश्चात्ताप डेरेकचा, शोक डेरेकचा, घरही डेरेकचेच. भूतकाळातील प्रसंग कृष्णधवल चित्रणात आहेत आणि त्या देखणेपणात डेरेकचे रूप एखाद्या शिल्पासारखे उभे राहते. त्याच्या भाषणाला उत्तर देणारे तितकेच समर्थ भाषण त्या दुकानातील कोणालाही मिळालेले नाही.

शेन मेडोज यांचा 'धिस इज इंग्लंड' (२००६) या मर्यादेवर बऱ्याच अंशी मात करतो. कथा १९८३ मधील आहे. फॉकलंड युद्धात वडील गमावलेला बारा वर्षांचा शॉन स्किनहेड तरुणांच्या एका मैत्रीपूर्ण घोळक्यात सामील होतो. तुरुंगातून सुटलेला कॉम्बो त्या घोळक्यात राष्ट्रवादाचे विष कालवतो. सँधू या आशियाई दुकानदाराला धमकावून लुटण्याचा प्रसंग येतो, पण चित्रपटाचे मर्म शेवटच्या हल्ल्यात आहे. घोळक्यातीलच मिल्की हा कृष्णवर्णीय मित्र आपल्या मोठ्या, प्रेमळ कुटुंबाविषयी सांगू लागतो. ते ऐकता ऐकता कॉम्बोचा चेहरा बदलतो आणि तो त्याच्यावर तुटून पडतो. ज्याला स्वतःला घर लाभले नाही, त्याला परक्याचे भरलेले घर सहन होत नाही. येथे घराचा प्रश्न हिंसेचे कारण म्हणूनच कथेत आला आहे. ही कारणमीमांसा कोणत्याही घोषणेपेक्षा खोल जाते.

मॅथ्यू कासोवित्झ यांचा 'ला एन' (१९९५) हा फ्रेंच चित्रपट केंद्रच बदलतो. पॅरिसच्या उपनगरातील ज्यू विन्झ, कृष्णवर्णीय ह्युबर्ट आणि अरब सईद या तिघांचा एक दिवस त्यात आहे. स्थलांतरितांची मुले येथे नायक आहेत; त्यांना नावे आहेत, चेष्टामस्करी आहे, घरे आहेत, रागही आहे. ती निष्पाप नाहीत आणि चित्रपट तसा दावाही करीत नाही. चेहरा देणे म्हणजे सद्गुणी ठरविणे नव्हे, ही गोष्ट या चित्रपटावरून विद्यार्थ्यांना सहज दाखवून देता येते.

४. मराठी पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले आणि मुंबई त्याची राजधानी झाली. तथापि त्या शहरात मराठी भाषकांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते आणि कचेऱ्यांतील पांढरपेशा नोकऱ्यांत इतर प्रांतीयांचा भरणा मोठा होता. १९६० मध्ये सुरू झालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकाने हे गाऱ्हाणे व्यंगचित्रांतून आणि नावांच्या याद्यांतून मांडले. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. पहिल्या काळात दाक्षिणात्य नोकरदार आणि उडुपी उपाहारगृहे तिचे लक्ष्य ठरली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडल्यानंतर गिरणगावातील एका संपूर्ण पिढीच्या पायाखालची जमीन सरकली. ९ मार्च २००६ रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीय टॅक्सीचालक व फेरीवाले यांच्यावर हल्ले झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली.

या इतिहासाची दोन टोके लक्षात ठेवावी लागतात. एका टोकाला बेकार मराठी तरुण आहे; त्याचा राग समजण्यासारखा आहे. दुसऱ्या टोकाला परीक्षेचे ओळखपत्र हातात घेऊन आलेला दुसरा बेकार तरुण आहे. दोघांची परिस्थिती इतकी सारखी असताना कथा एकाचीच सांगितली जाते काय, याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम नाटकाकडे वळणे आवश्यक आहे.

५. 'घाशीराम कोतवाल' : उपरा केंद्रस्थानी

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. दिग्दर्शक जब्बार पटेल यांचा जन्म पंढरपूरचा आणि शालेय शिक्षण सोलापुरातले. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू कानांवर पडणाऱ्या जिल्ह्यातून आलेल्या या दिग्दर्शकाच्या हातून मराठी रंगभूमीवरील सर्वांत प्रभावी 'परप्रांतीय' उभा राहिला, हा योगायोग म्हटला तरी अर्थपूर्ण आहे. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यनियोजन आणि मोहन आगाशे यांचा नाना यांनी तो प्रयोग संस्मरणीय केला. १९७६ मध्ये 'युक्त' या सहकारी संस्थेने त्यावर चित्रपट काढला. त्यात ओम पुरी यांनी घाशीरामाची भूमिका केली.

या नाटकाची चर्चा बहुधा नाना फडणवीसांचे चित्रण आणि ब्राह्मणसमाजाची प्रतिमा यांभोवती फिरली. शिवसेनेच्या उदयाशी असलेला त्याचा संबंधही सांगितला गेला : सत्ताधारी स्वतःच्या सोयीसाठी एक हिंसक शक्ती वाढवितात आणि नंतर तिचा बळी देतात. या वाचनात घाशीराम म्हणजे टोळीचा नायक ठरतो. परंतु संहितेत त्याची पहिली ओळख वेगळीच आहे. तो कनोजहून पोटासाठी पुण्याला आलेला परका ब्राह्मण आहे. गुलाबीच्या कोठीवरून त्याला हाकलले जाते, चोरीचा आळ घेऊन त्याला मारले जाते, तुरुंगात टाकले जाते. ज्या शहरात त्याला कोणी ओळखत नाही त्या शहरात त्याचा शब्द खोटा ठरायला पुरावा लागत नाही. सूडाची प्रतिज्ञा येते ती यानंतर. स्वतःची मुलगी गौरी नानाच्या हवाली करून तो कोतवाली मिळवितो आणि ज्या शहराने त्याला चोर ठरविले त्या शहरातील प्रत्येकाला तो संशयित ठरवितो.

पाचही प्रश्न येथे लावून पाहावेत. घाशीरामाला नाव आहे. नाटकाचे नावच त्याचे आहे. त्याला संसार आहे आणि त्या संसाराचा सौदाच त्याच्या शोकांतिकेचा कणा आहे. त्याला स्वतःचे बोलणे आहे. दृष्टिस्थान सतत हलते : कधी प्रेक्षक घाशीरामाच्या अपमानाजवळ असतो, कधी त्याच्या क्रौर्यापुढे थिजलेला असतो. शोकाचा प्रश्न तर नाटकाने जाणीवपूर्वक उघडा ठेवला आहे. जमाव घाशीरामाला दगडांनी ठेचतो आणि नाना उत्सवाची घोषणा करतो. शोक करायला रंगमंचावर कोणी उरत नाही.

आणखी एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. घाशीरामाचा अंत ज्या घटनेमुळे ओढवतो, तीत कोठडीत गुदमरून मरणारे ब्राह्मण हेही परगावाहून, दक्षिणेकडून आलेले आहेत. १७९१ मध्ये पुण्यात घडलेल्या मूळ घटनेतही मृत ब्राह्मण तेलंगी होते. म्हणजे काल आलेला उपरा आज आलेल्या उपऱ्यांचा घात करतो आणि शहर त्या मृत्यूंचा उपयोग करून स्वतः मोकळे होते. या दृष्टीने पाहता ब्राह्मणांची ती नाचणारी, गाणारी मानवी भिंत केवळ रंगमंचीय युक्ती राहत नाही. ती आत कोण आणि बाहेर कोण हे क्षणोक्षणी ठरविणारी सीमारेषा ठरते. भिंत उघडते तेव्हा सत्ता दिसते. मिटते तेव्हा गुन्हा झाकला जातो.

घाशीराम निष्पाप नाही, उलट भयंकर आहे. तरीही प्रेक्षक त्याच्या मृत्यूनंतर टाळ्या वाजवून मोकळा होऊ शकत नाही. चेहरा दिल्याचा हा परिणाम आहे.

६. मराठी चित्रपट : गाऱ्हाण्याला चेहरा

२००९ नंतरच्या मराठी चित्रपटांत 'घाशीराम'ने घालून दिलेली ही रीत कितपत टिकली?

'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' (२००९) या संतोष मांजरेकर दिग्दर्शित लोकप्रिय चित्रपटात दिनकर मारुती भोसले हा बँकेतील कारकून मुंबईतील मराठी माणसाच्या अवहेलनेने खचलेला आहे. सचिन खेडेकर यांनी त्याची हतबलता उत्कटतेने साकारली. चित्रपटाला आत्मपरीक्षणाची एक बाजू आहे : मराठी माणसाने दोष दुसऱ्यावर ढकलू नये, असे त्यातील शिवाजी महाराजच सांगतात. तरीही चित्रपटाचे सारे भावविश्व भोसले कुटुंबापुरते आहे. अमराठी माणूस अडसर म्हणून, अपमान करणारा म्हणून समोर येतो. तोही याच शहरात भाड्याने राहतो, लोकलला लोंबकळतो, हे कथेच्या कक्षेत येत नाही.

महेश मांजरेकर यांचा 'लालबाग परळ' (२०१०) हा जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकावर आधारलेला आहे. संपाने उद्ध्वस्त झालेल्या धुरी कुटुंबातील मुले वेगवेगळ्या दिशांना फेकली जातात. नरू गुन्हेगारीकडे वळतो आणि वस्तीतील किशोरवयीन मुलेही 'स्पीडब्रेकर'च्या मागे हिंसेच्या खेळात ओढली जातात. कारणमीमांसा आर्थिक आहे आणि ती ठाम आहे. टोळी कशी तयार होते याचे मराठी पडद्यावरील इतके धारदार चित्रण दुर्मीळ आहे. अवधूत गुप्ते यांच्या 'झेंडा'मध्ये (२०१०) पक्षफुटीत दोन बाजूंना विभागलेले तरुण कार्यकर्ते नेत्यांच्या खेळातील प्यादी ठरतात. त्यांच्याच 'मोरया'मध्ये (२०११) दोन चाळींच्या गणेशोत्सव मंडळांतील चुरस हिंसेपर्यंत जाते.

या तीन चित्रपटांनी एक मोलाची गोष्ट केली. नाक्यावरच्या तरुणाला त्यांनी खलनायक ठरविले नाही आणि देवही केले नाही. त्याला वापरणाऱ्यांकडे त्यांनी बोट दाखविले. तथापि संघर्षाची दोन्ही टोके मराठीच आहेत. २००८ च्या घटना ताज्या असताना त्या घटनांत मार खाणारा टॅक्सीचालक किंवा परीक्षार्थी या कथांचा वाहक होत नाही. मराठी चित्रपटाने टोळीला अंतर्मन दिले. टोळीच्या समोरच्या माणसाला मात्र चौकटीबाहेर ठेवले.

हिंदीत ही बाजू मांडण्याचा दावा 'देशद्रोही'ने (२००८) केला. उत्तर भारतीय तरुणाच्या दृष्टीने मुंबई दाखविणाऱ्या या चित्रपटाच्या प्रदर्शनावर महाराष्ट्र शासनाने बंदी घातली. पण त्या चित्रपटात उपऱ्याला मिळाला तो मुख्यतः सूडनायकाचा मुखवटा. मुखवटा आणि चेहरा यांतील भेद समजण्यासाठी 'देशद्रोही' आणि 'ला एन' शेजारी ठेवून पाहावेत.

'ठाकरे' (२०१९) या अभिजित पानसे दिग्दर्शित चरित्रपटाच्या निमित्ताने हा प्रश्न उघड चर्चेत आला. मराठी झलकेत दाक्षिणात्यांच्या लुंगीची टवाळी करणारी साठच्या दशकातील घोषणा ऐकू आली आणि तमिळ अभिनेते सिद्धार्थ यांनी तिला जाहीर आक्षेप घेतला. घोषणा ऐतिहासिक होती, हे खरे. पण ऐतिहासिक घोषणा पडद्यावर येताना ती ऐकणारा माणूस दाखवायचा की नाही, हा निर्णय मात्र दिग्दर्शकाचा असतो. प्रमुख भूमिका उत्तर प्रदेशातून आलेल्या नवाझुद्दीन सिद्दीकी यांनी केली, हा त्यातील उपरोध कोणत्याही समीक्षेपेक्षा बोलका आहे.

७. 'कोर्ट' : हशाचा पंचनामा

या पार्श्वभूमीवर चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटातील एक प्रसंग वेगळा अभ्यास मागतो. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला हा चित्रपट लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटल्याचा आहे; स्थलांतर हा त्याचा विषय नाही. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) दिवसभर न्यायालयात काम करते, घरी येऊन स्वयंपाक करते, मुलांचे पाहते. सुटीच्या दिवशी ती कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर मुलीने पसंत केलेल्या उत्तर भारतीय तरुणाला बाप परप्रांतीयांच्या नावाने खडे फोडत हाकलून देतो. प्रेक्षागृहात हशा आणि टाळ्या उसळतात. कॅमेरा दूरवर स्थिर राहतो. कोणतेही भाष्य होत नाही.

येथे टोळी नाही, काठी नाही, रक्त नाही. आहे ते एक सुखी, दमलेले, सभ्य कुटुंब. उपऱ्याला चेहरा नाकारण्याची क्रिया टोळीने सुरू होत नाही. ती तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षागृहात आधीच पूर्ण झालेली असते, हे ताम्हाणे यांनी दाखविले. 'घाशीराम'मधील ब्राह्मणांची भिंत रंगमंचावर होती. 'कोर्ट'मध्ये ती प्रेक्षागृहातील खुर्च्यांवर बसली आहे. टोळीहिंसेवरील चित्रपटांत मराठीने घातलेली ही खरी भर होय, आणि ती अशा चित्रपटात सापडते ज्यात टोळीच नाही.

८. शब्दांचा पुरावा

भाषेकडे वळल्यास हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाने या शब्दाला मराठी साहित्यात कायमचे स्थान दिले. त्यातील उपरा परप्रांतातून आलेला नाही. तो याच भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या भटकणारा कैकाडी आहे. भूमिपुत्र म्हणजे कोण, या प्रश्नाचे सोपे उत्तर देणाऱ्यांना हे पुस्तक अडवते.

याच्या उलट टोकाला पंढरपूर आहे. मराठी संतपरंपरेने आपल्या सर्वांत जवळच्या देवाला 'कानडा' म्हटले. परभाषेचे नाव येथे टवाळीसाठी आलेले नाही. ते लडिवाळपणे, कोडे पडल्यासारखे आले आहे. कर्नाटकातील हरिदास परंपरेत पुरंदरदासांची नाममुद्राच विठ्ठलाची आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात या दैवताच्या अनेकप्रांतीय घडणीचा शोध घेतला. मराठी मनाला परक्याचे परकेपण न पुसता त्याला आपले म्हणता येते, याचा हा सर्वांत मोठा पुरावा होय.

मात्र हा पुरावा गौरवगीतासारखा वापरू नये. याच पंढरपुरात मंदिराचे दार दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. ज्या गावाने परभाषेचा देव आपला मानला, त्याच गावात आपल्या भाषेचा माणूस दाराबाहेर होता. सामावून घेण्याची परंपरा आणि वगळण्याची परंपरा एकाच गावात, एकाच दारात नांदतात. तेंडुलकरांच्या नाटकातील शहर असेच आहे.

९. उलटलेला आरसा

टोळीहिंसेच्या चित्रपटात मराठी प्रेक्षक स्वतःला कोणत्या बाजूला पाहतो, हे तो कोठे बसला आहे यावर अवलंबून असते. १९८७ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे भारतीयांवर हल्ले करणाऱ्या एका तरुण टोळीने स्वतःला 'डॉटबस्टर्स' असे नाव घेतले होते. त्या नावातील ठिपका म्हणजे भारतीय स्त्रीच्या कपाळावरील कुंकू. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. 'रोम्पर स्टॉम्पर' ज्या शहरात घडतो तेच हे शहर. सोलापूर जिल्ह्यातून शिक्षणासाठी पुण्याला, तेथून परदेशी गेलेल्या तरुणासाठी त्या चित्रपटातील भुयारी मार्गाच्या टोकाला उभे असलेले व्हिएतनामी तरुण परके राहत नाहीत. दादरला तो भूमिपुत्र असतो, मेलबर्नला उपरा.

गेल्या काही वर्षांत चित्रणाचे साधनही बदलले आहे. जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोड येथे मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली आणि तिची चित्रफीत देशभर पसरली. अशा चित्रफितींत दृष्टिस्थानाचा प्रश्न उरत नाही, कारण कॅमेरा मारणाऱ्यांच्या बाजूच्या हातातच असतो. दृश्य काही सेकंदांचे असते. मार खाणाऱ्याचे नाव, घर, भाषा आणि शोक यांपैकी काहीही त्यात मावत नाही. टोळीचा चित्रपट आता टोळीच काढते. अशा काळात दोन तासांच्या चित्रपटाने आणि दोन अंकी नाटकाने जे करायचे असते, ते नेमके त्या काही सेकंदांच्या आधीचे आणि नंतरचे दाखविणे होय.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, टोळीहिंसेच्या चित्रपटाची कसोटी त्यातील निषेधाच्या तीव्रतेवर ठरत नाही. ती उपऱ्याला मिळालेल्या जागेवर ठरते. या कसोटीवर 'अमेरिकन हिस्टरी एक्स' आपल्या सदिच्छेनंतरही अपुरा पडतो. 'धिस इज इंग्लंड' आणि 'ला एन' पुढे जातात. २००९ नंतरच्या मराठी चित्रपटाने नाक्यावरच्या तरुणाला न्याय दिला, परंतु त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची कथा अद्याप सांगितलेली नाही. ती सांगण्याचे सामर्थ्य मराठीत नाही असे नव्हे. १९७२ मध्ये कनोजहून आलेल्या एका माणसाला मराठी रंगमंचाने ते दिले होते. नोकरी आणि भाषा यांविषयीचे मराठी गाऱ्हाणे खरे असेल, तर समोरच्याचा चेहरा दाखविल्याने ते कमजोर होत नाही. चेहरा दाखविल्यावरही जे टिकते, तेच गाऱ्हाणे खरे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'घाशीराम कोतवाल'मधील घाशीरामाचे 'परका' ते 'कोतवाल' हे रूपांतर नाट्यरचनेच्या कोणत्या टप्प्यांतून घडते? मानवी भिंतीचे कार्य त्या प्रत्येक टप्प्यावर स्पष्ट करा.

२. 'अधांतर' हे नाटक आणि 'लालबाग परळ' हा चित्रपट यांतील हिंसेच्या कारणमीमांसेची तुलना करा.

३. 'कोर्ट'मधील नाट्यगृहाच्या प्रसंगात कॅमेऱ्याचे अंतर आणि भाष्याचा अभाव यांमुळे कोणता अर्थ निर्माण होतो?

४. 'उपरा', 'परप्रांतीय', 'भूमिपुत्र' आणि 'कानडा' या शब्दांच्या साहित्यातील उपयोगाचा, मराठी समाजातील आतल्या-बाहेरच्यांच्या कल्पनेच्या संदर्भात, परामर्श घ्या.